तिसऱ्या उन्हाळ्यात किती उरली?

वृक्षारोपणाच्या बातमीत एक आकडा हमखास असतो आणि एक हमखास नसतो. किती रोपं लावली, हे असतं. गेल्या खेपेला लावलेल्यांपैकी किती जगली, हे नसतं. कोणी ते लपवलेलं असतं असंही नाही, मुळात मोजलेलंच नसतं. रस्त्याकडेला झाडं लावणाऱ्या हौशी मंडळींशी माझं भांडण आहे ते एवढंच. त्या मंडळींत मीही आहे, तेव्हा हे भांडण घरातलंच समजा. आपण चुकीची गोष्ट मोजतो आणि मग जे मोजतो तेच करत बसतो.

तुर्कस्तानात 11 नोव्हेंबर 2019 या एका दिवशी 1 कोटी 10 लाख रोपं लावण्याची मोहीम झाली. चोरुम नावाच्या प्रांतात तर तासाभरात 3 लाखांवर रोपं लावून जागतिक विक्रम झाला. काही महिन्यांनी तिथल्या कृषी आणि वन कामगारांच्या संघटनेने काही जागी जाऊन पाहणी केली आणि पाहिलेल्यांतली 90 टक्क्यांपर्यंत रोपं वाळल्याचं जाहीर केलं. सरकारने ते साफ नाकारलं. खरं कोण बोलत होतं हे बाजूला ठेवू. कोटभर रोपं एका दिवसात मोजता येतात, पण त्यांतली किती उभी आहेत यावर काही महिन्यांतही एकमत होऊ शकत नाही, यातच सगळं आलं. आणि ती तर मोकळ्या रानातली रोपं. रस्त्यावरच्या झाडाचा संसार त्याहून अडचणीचा.

अमेरिकेतल्या लारा रोमन आणि फ्रेडरिक स्कॅटेना या संशोधकांनी 2011 मध्ये रस्त्यावरच्या झाडांच्या जगण्यामरण्याच्या जुन्या पाहण्या एकत्र करून हिशोब मांडला. दरवर्षी साधारण 95 ते 96.5 टक्के झाडं तगतात आणि रस्त्यावरच्या झाडाचं सरासरी आयुष्य 19 ते 28 वर्षं भरतं, असं त्यांना दिसलं. 95 टक्के हा आकडा परीक्षेत मिळाला तर आपण पेढे वाटू. पण इथे तो चक्रवाढीने उलटा चालतो. शंभर झाडं लावली आणि दरवर्षी पाच टक्क्यांनी घटली, तर दहा वर्षांनी साठ उरतात, वीस वर्षांनी छत्तीस. रानात शंभरी सहज गाठणारी जात रस्त्यावर आली की पंचविशीत आटोपते. शिवाय ही सरासरी आहे. नव्या रोपांना पहिली काही वर्षं त्याहून जड जातात.

यावर कोणी म्हणेल, छत्तीस तर छत्तीस, नसण्यापेक्षा बरी. मला ते पटत नाही, कारण झाडाचा उपयोग त्याच्या संख्येत नसून वयात आहे. डेव्हिड नोवाक या अमेरिकी संशोधकाने 1990 च्या दशकात शिकागोतल्या झाडांचा अभ्यास केला. तिथे 77 सेंटिमीटरहून जाड खोडाचं निरोगी झाड वर्षाला सुमारे 1.4 किलो प्रदूषक हवेतून काढून घेत होतं, आणि 8 सेंटिमीटरहून बारीक खोडाचं झाड 0.02 किलो. सत्तर पट फरक. म्हणजे एक जुनं झाड पाडून त्याच्या बदल्यात दहा रोपं लावण्याचं जे आश्वासन सगळीकडे दिलं जातं, त्या हिशोबात अजून साठ रोपं कमी पडतात. तीही त्या दहांतलं एकही मरणार नाही असं धरलं तर.

दुसरं उदाहरण नागरिकांच्या कामाचंच आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड या शहरात फ्रेंड्स ऑफ ट्रीज नावाच्या संस्थेने 1990 ते 2019 या तीस वर्षांत रस्त्यांवर 49,246 झाडं लावली. कुठे आणि कधी लावली याची नोंद होती, म्हणून 2022 मध्ये संशोधकांना त्या नोंदींवरून त्या त्या भागातल्या मृत्यूंच्या प्रमाणाशी ताळा घालता आला. जिथे झाडं जास्त लागली तिथे अपघाताखेरीज होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कमी दिसलं, आणि झाडं जसजशी मोठी होत गेली तसतसा हा संबंध ठळक झाला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. तरी माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. तीस वर्षांचं नीट लिहिलेलं रजिस्टर! आपल्यापैकी किती गटांकडे तीन वर्षांचं आहे?

आता रोप मरतं कसं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लोक समजतात की ते गुरांनी खाल्लं, कोणी मोडलं किंवा पाणी मिळालं नाही. या तिन्ही गोष्टी होतातच. पण कितीतरी रोपं आपल्या प्रेमाने मरतात.

पाण्याचंच घ्या. रोपवाटिकेत पिशवीत वाढलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आकाराएवढीच असतात. खड्ड्यात उतरवल्यावर पहिले काही आठवडे ते त्या मूठभर मातीच्या गोळ्यातूनच पाणी पितं. शेजारच्या मातीत ओल असली तरी तिथवर त्याचे हात पोचलेले नसतात. अशा रोपाला कोणी येताजाता रोज तांब्याभर पाणी ओततं. त्याने वरची दोन बोटं माती भिजते, मुळंही पाण्याच्या आशेने वरवरच राहतात, आणि आठ दिवस तांब्या चुकला की सगळं संपतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, सावकाश, खोलवर मुरेल असं पाणी द्यावं. न्यूयॉर्कचं उद्यान खातं लोकांना सांगतं की नव्या झाडाला गरम महिन्यांत आठवड्याला 15 ते 20 गॅलन पाणी घाला. म्हणजे 57 ते 76 लिटर, चार-पाच मोठ्या बादल्या. त्या एकदम ओतल्या तर पाणी रस्त्यावर वाहून जातं, म्हणून बादलीला तळाशी बारीक भोक पाडून ती खोडाजवळ ठेवून द्यायची. हे काम फार कंटाळवाणं आहे. त्यात टाळ्या नाहीत, फीत नाही, भाषण नाही.

मग आळं. झाडाची बहुतेक मुळं आपण समजतो तशी पाताळात जात नाहीत. ती वरच्या हातभर मातीत आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, कारण पाण्याइतकाच त्यांना प्राणवायू लागतो आणि तो वरच्याच थरात असतो. आपण मात्र पदपथ सुंदर करायचा म्हणून बुंध्याला टेकवून काँक्रीट ओततो किंवा पेव्हर ब्लॉक बसवतो, आणि वर म्हणतो की मुळांनी फरशी उचलली. फरशीखाली श्वास कोंडलेलं मूळ वर येणार नाही तर काय करेल? दिल्लीतल्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं. एक मीटर ही फार मोठी मागणी नव्हे, दरवाजाच्या रुंदीएवढी जागा आहे. तरी तेवढ्यासाठी लवादापर्यंत जावं लागतं.

बुंध्याशी मातीचा किंवा पालापाचोळ्याचा उंच ढीग रचायची आपल्याला फार आवड. दिसतं छान. पण खोड जिथे मुळांत फाकतं तो भाग उघडा राहायला हवा. तो कायम ओलसर ढिगात गाडला गेला की साल कुजते. आच्छादन घालायचंच, पण खोडापासून चार बोटं सोडून, मधे खोलगट आणि कडेला उंच, ताटासारखं. खड्ड्याचंही तसंच आहे. लोक खोल खणतात आणि अरुंद. हवा उलटा, मुळांच्या गोळ्याएवढाच खोल आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती नंतर बसते, रोप खाली जातं, आणि पुन्हा खोड मातीत गाडलं जातं.

सगळ्यांत दुष्ट मरण मात्र गळफासाचं. हे मी स्वतःच्या हाताने दिलेलं आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. रोप सरळ वाढावं म्हणून काठी रोवली, नायलॉनच्या दोरीने बांधलं, आणि विसरलो. रोप छान वाढत होतं, आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. दोन पावसाळ्यांनंतर पानं अवेळी पिवळी पडायला लागली. खत घातलं, पाणी वाढवलं, फवारणी केली. दोरी सालीत बुडून दिसेनाशी झाली होती. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं, आणि मुळातलं पाणी त्याच्या आतल्या लाकडातून वर चढतं. फास सालीला बसतो, लाकडाला बसत नाही. म्हणून वरचा पसारा हिरवा राहतो आणि खाली मुळं उपाशी मरतात. जेव्हा वरचं वाळायला लागतं तेव्हा खालचा खेळ केव्हाच आटोपलेला असतो. लोखंडी जाळीची कडी, दिव्यांच्या माळेची तार, फलक टांगायला मारलेला पट्टा, सगळ्यांचं काम हेच. रोपाचं रक्षण करायला बसवलेली जाळीच पाचव्या वर्षी त्याचा जीव घेते, आणि जाळीवर देणगीदाराचं नाव असल्यामुळे ती कापायला कोणी धजावत नाही.

या सगळ्यात कुठेही मोठं ज्ञान नाही, यंत्र नाही. कोणीतरी दर आठवड्याला पाच मिनिटं त्या झाडाकडे नीट बघायला हवं. आणि नेमकी हीच गोष्ट कुठल्याही पालिकेला जमत नाही. लाखभर झाडं असलेल्या शहरात प्रत्येक रोपाशी दर आठवड्याला माणूस उभा करणं अशक्य आहे. शेजारी राहणाऱ्याला ते सहज शक्य आहे, कारण तो रोज तिथूनच जातो.

न्यूयॉर्कमध्ये 1999 ते 2003 या काळात लावलेल्या रस्त्यावरच्या झाडांपैकी तेरा हजारांहून अधिक झाडं 2006 आणि 2007 मध्ये पुन्हा जाऊन पाहिली गेली. सुमारे 74 टक्के जिवंत होती. एक-दोन कुटुंबांच्या घरांसमोरची जास्त जगली होती, कारखान्यांच्या आणि ओसाड जागांच्या कडेची कमी. आणि ज्या आळ्यात कोणाचा तरी हात फिरल्याच्या खुणा होत्या, माती उकरलेली, फुलझाडं लावलेली, तिथली झाडं अधिक जगलेली दिसली. माझ्या मते लोकसहभाग या जड शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे. श्रमदान ही त्यातली दुय्यम गोष्ट. नजर ही मुख्य.

कर्नाटकातल्या सालुमरद तिम्मक्का यांची गोष्ट आपण शाळेतल्या मुलांना सांगतो ती 385 वडांची म्हणून. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही हाच आकडा सगळीकडे झळकला. मला त्या गोष्टीतले वेगळेच आकडे महत्त्वाचे वाटतात. पहिल्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या पतीने दहा रोपं लावली, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. बस्स. चार-चार किलोमीटर पाण्याच्या घागरी वाहून नेल्या, गुरांपासून राखायला काटेरी कुंपणं घातली, आणि लावणी बहुधा पावसाळ्यातच केली, म्हणजे पुढचा पावसाळा येईपर्यंत रोप मातीला धरलेलं असे. दोन माणसांना जेवढ्यांना पाणी घालता येईल तेवढीच लावायची, हा तो हिशोब. त्यांना कोणी सांगितलं असतं की एका दिवसात 385 लावा, समारंभ करू, तर आज त्या रस्त्यावर काय असतं?

सिंगापूरनेही तारखेच्या बाबतीत असाच शहाणपणा दाखवला. 1971 पासून तिथला वृक्षारोपण दिन नोव्हेंबरात ठेवला गेला, कारण तेव्हा पावसाळा लागतो आणि रोपांना वरून पाणी कमी घालावं लागतं. समारंभाची तारीख झाडाला विचारून ठरवली, असं म्हणू या. नाहीतर आपल्याकडे कोणाचा वाढदिवस, कुठल्या संस्थेचा वर्धापन दिन, भर उन्हाळ्यात आला तरी खड्डे खणायला मंडळी हजर.

इथपर्यंत वाचून कोणा अधिकाऱ्याला वाटेल की वा, नागरिक आता सगळं सांभाळणार. त्यांना तिथेच थांबवायला हवं. लोकांनी झाडं दत्तक घ्यावीत असं ज्या उत्साहाने सांगितलं जातं, त्यात बऱ्याचदा अंगावरचं ओझं झटकण्याचा भाग असतो. सॅन फ्रान्सिस्कोत तेच झालं. तिथे फ्रेंड्स ऑफ द अर्बन फॉरेस्ट ही नागरिकांची संस्था 1981 पासून रस्त्यांवर झाडं लावत आली आहे, आणि उत्तम काम करत आली आहे. पण पैशांची ओढाताण झाली तशी पालिकेने झाडांची जबाबदारी शेजारच्या घरमालकांवर ढकलायला सुरुवात केली. ज्याला परवडेल तो चांगला माणूस लावून छाटणी करून घेणार, ज्याला परवडणार नाही तो फांदी डोक्यावर पडायची वाट बघणार. उखडलेल्या पदपथावर कोणी पडलं तर दोष त्याचाच. शेवटी नोव्हेंबर 2016 मध्ये प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि जवळजवळ 79 टक्के लोकांनी कौल दिला की रस्त्यावरची झाडं शहराने सांभाळावीत, त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढावी. जुलै 2017 पासून सव्वा लाखाच्या आसपास झाडं शहराच्या देखभालीखाली आली. लोकांनी प्रेम कमी झालं म्हणून हे मत दिलं नाही. कोणतं काम कोणाचं, हे त्यांना कळलं होतं.

माझी वाटणी सरळ आहे. पहिली तीन वर्षं शेजाऱ्यांची, पुढची साठ वर्षं पालिकेची. पाणी, आळं, आच्छादन, काठी बांधणं आणि आठवणीने सोडणं, फास बसतोय का बघणं, हे आपलं. उंच फांद्यांची छाटणी, विजेच्या तारा, धोकादायक झाडाची तपासणी, पदपथाची दुरुस्ती, मुळं तोडून जाणारे चर, हे शिडी, विमा आणि अधिकार असलेल्यांचं. हौशी माणसाने करवत हातात घेऊ नये. अमेरिकेच्या वन विभागात काम केलेल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून भिंत घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर कंठ कापला गेला तर ती भिंत नीट उभी राहत नाही, कूज आत शिरते आणि दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या वादळात झाड कोसळतं. तेव्हा सगळे वादळाला शिव्या देतात. अर्थात पगारी माणसांच्या हातातही करवत आंधळी असू शकते, आणि पालिकेच्या छाटणीनंतर खांबासारखी उरलेली झाडं पाहिली की मलाही वाटतं की हे काम कोणीच करू नये. पण त्यावर उपाय शिकलेली माणसं नेमणं हाच आहे.

शेजाऱ्यांच्या नजरेचा आणखी एक उपयोग आहे, तो पालिकांना फारसा आवडत नाही. ज्या झाडाला माणसाने तीन वर्षं पाणी घातलं, ते तोडायला आलेल्याला तो विचारल्यावाचून सोडत नाही. शेफील्ड या इंग्लंडमधल्या शहरात 2012 मध्ये रस्तेदुरुस्तीचं 25 वर्षांचं कंत्राट दिलं गेलं. शहरात रस्त्याकडेची सुमारे 36,000 झाडं, आणि कंत्राटाच्या काळात 17,500 झाडं बदलण्याची त्यात तजवीज होती. त्यातली कितीतरी निरोगी होती. त्यांचा गुन्हा एवढाच की मुळांनी पदपथाची कडा थोडी उचलली होती. लोक गल्लोगल्ली संघटित झाले. नोव्हेंबर 2016 मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास पोलिसांना घेऊन तोडणी सुरू झाली, लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या, आणि विरोध करणाऱ्यांत सत्तरीतल्या दोन बायकांना अटक झाली. 2018 मध्ये तोडणी थांबली तोवर साडेपाच हजारांच्या आसपास झाडं गेली होती. मार्च 2023 मध्ये चौकशीचा अहवाल आला, त्यात नगर परिषदेवर कडक ताशेरे होते, आणि परिषदेला जाहीर माफी मागावी लागली. तिम्मक्कांच्या वडांवरही 2019 मध्ये रस्तारुंदीकरणाची वेळ आली होती. मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन त्यांनी झाडं वाचवा म्हणून सांगितलं, आणि पर्यायी मार्ग शोधण्याचे आदेश निघाले. शंभरी गाठलेल्या बाईने सहा-सात दशकांपूर्वी घातलेल्या पाण्याचा तो हक्क होता.

एवढं सगळं म्हटल्यावर एक कबुली द्यायला हवी. ज्यांना झाड नको आहे, ते सगळे निसर्गाचे वैरी नसतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात 2011 ते 2014 या काळात एक संस्था लोकांच्या घरांसमोर फुकट झाडं लावत होती. ज्यांना देऊ केली अशा 7,425 रहिवाशांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाने लेखी कळवलं की आम्हाला झाड नको. क्रिस्टीन कारमायकेल आणि मॉरीन मॅकडोना या संशोधकांनी त्या लोकांशी बोलून पाहिलं तेव्हा कळलं की त्यांना झाडांचं महत्त्व पुरेपूर माहीत होतं. त्यांची तक्रार वेगळी होती. कुठलं झाड लावायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि संस्था निघून गेल्यावर पानं, फांद्या, मुळं सगळं त्यांच्याच गळ्यात पडणार हे त्यांनी आधीच्या अनुभवावरून ओळखलं होतं. आजूबाजूला ओसाड घरांसमोरची बेवारस झाडं ते रोज पाहत होते. विचारायला आलेल्याने आधी ती बघायला हवी होती.

आपल्या गटांत हा दोष भरपूर आहे. आपण दुसऱ्याच्या दारात त्याला न विचारता रोप लावतो आणि त्याने पाणी घातलं नाही की त्याला अडाणी ठरवतो. त्याची बाजू ऐकली तर तो काय म्हणतो? दुकानाचा फलक झाकला जातो, गटार तुंबतं, गाडीवर पक्षी घाण करतात, रात्री दिव्याचा उजेड अडतो. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, आणि बहुतेकांवर योग्य जात, योग्य जागा आणि वेळेवर छाटणी हा उपाय आहे. पण त्यासाठी खड्डा खणण्याआधी दाराची कडी वाजवावी लागते. त्याने नको म्हटलं तर पुढच्या दाराशी जावं. ज्या घरातलं कोणी एक माणूस ‘मी बघतो’ म्हणतं, तिथेच रोप लावावं. यातून झाडं कमी लागतील, हे मला चालेल.

इथे एक अडचण उरते, आणि तिचं माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ‘मी बघतो’ म्हणायला माणसाकडे वेळ लागतो, नळाला पाणी लागतं, आणि पुढची पाच वर्षं आपण याच घरात असू याची खात्री लागते. भाड्याने राहणाऱ्याकडे, दोन पाळ्यांत काम करणाऱ्याकडे, टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत यातलं काहीच नसतं. म्हणजे सगळं लोकांवर सोडलं तर सावली आधीच सावलीत असलेल्या गल्ल्यांतच वाढत जाणार. उन्हाचा तडाखा मात्र पत्र्याच्या छपराखाली जास्त. तेव्हा अशा वस्त्यांत पहिली तीन वर्षंही पालिकेनेच, पगारी माणसं नेमून, पाणी घातलं पाहिजे, आणि ती माणसं शक्यतो त्याच वस्तीतली असावीत. माझी वाटणी इथे मोडते, मोडू दे.

आमच्याच गटात मला नेहमी ऐकावं लागतं ते असं: लावणीचा कार्यक्रम असतो म्हणून तरी माणसं येतात, दहांतला एक पुढे टिकतो, तो सोहळाच बंद केला तर तो एकही मिळणार नाही. यात तथ्य आहे. माणसाला मातीत हात घालायला आवडतं, आणि पोराने स्वतः लावलेल्या रोपाला नाव ठेवलं की ते विसरत नाही. मेलबर्नने 2013 मध्ये शहरातल्या हजारो झाडांना क्रमांक आणि ईमेलचा पत्ता दिला, मोडलेल्या फांद्या कळवता याव्यात म्हणून, आणि लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं पाठवली. माणसं अशीच असतात, आणि हे बरंच आहे. सोहळा करा. पण तो झाडाच्या तिसऱ्या उन्हाळ्यानंतर करा. जगलेल्या झाडाची काठी सोडायची, जाळी कापायची, फीत तिथे बांधायची आणि लगेच सोडायची. भाषणही तिथेच ठोका, सावली असेल.

न्यूयॉर्कने 2015 च्या रस्त्यावरच्या झाडांच्या मोजणीत दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक फिरवले आणि 6,66,134 झाडं एकेक करून नकाशावर चढवली. जात, जाडी, प्रकृती, आणि कोणी काळजी घेतंय का याच्या खुणासुद्धा. त्या स्वयंसेवकांनी नवं एकही रोप लावलं नाही. तरी माझ्या मते लावणीच्या कित्येक मोहिमांपेक्षा ते मोठं काम होतं. एखाद्या गल्लीतल्या पाच-सात जणांना एका रविवारी हेच करता येतं: गल्लीत झाडं किती, रिकामी आळी किती, काँक्रीटने गळा धरलेली किती, फास बसलेली किती. शंभर पानी वही पुरते.

आम्ही ते यंदा केलं. आधीच्या तीन वर्षांची यादी कोणाकडेच नव्हती, म्हणून आठवणीवर आणि जुन्या फोटोंवर भिस्त ठेवली. फोटोत दिसणाऱ्या रोपांची जागा शोधत फिरलो. काही ठिकाणी जाळी होती आणि आत गवत, काही ठिकाणी जाळीही नव्हती. एका ठिकाणी खांब उभा होता आणि त्यावर आमच्याच गटाचं नाव. आकडा इथे लिहीत नाही, वहीत आहे. त्यानंतरच्या बैठकीत ठरलं की यंदाच्या पावसाळ्यात एकही नवं रोप लावायचं नाही. बराच वाद झाला. एक काका म्हणाले, ‘‘अहो, पण मग फोटो कशाचा काढायचा?’’ त्यांना चेष्टा करायची नव्हती, देणगीदारांना दरवर्षी फोटो पाठवण्याचं काम त्यांच्याकडेच असतं.

पुढच्या रविवारी पक्कड, करवतीचं पातं आणि जुनी कात्री घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या मोठ्या झाडापासून सुरुवात केली. कधीतरी दिव्यांची माळ बांधायला गुंडाळलेली तार सालीत इतकी रुतली होती की काही ठिकाणी ती तशीच सोडून द्यावी लागली. ओढली असती तर सालच निघून आली असती. जिथे सुटी होती तिथे तुकड्यातुकड्याने कापली. एका झाडाला पाऊण तास गेला. काकांनी फोटो काढला, पण त्यात आमच्या सगळ्यांच्या पाठीच आल्या आहेत.